पडद्यापलीकडचा उपचारक, पडद्याअलीकडची शाळा

१९०२ सालच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क शहराच्या दाट वस्तीतील चार शाळांसाठी लीना रॉजर्स नावाच्या एका परिचारिकेची महिनाभराच्या मुदतीवर, आणि तीही लिलियन वॉल्ड यांच्या हेन्री स्ट्रीट येथील सेवासंस्थेकडून जणू उसनी घेऊन, नेमणूक झाली, तेव्हा आरोग्यखात्यापुढचा प्रश्न निव्वळ गैरहजेरीचा होता. खरूज, नायटा, डोळ्यांची खुपरी अशा विकारांसाठी वैद्यकीय निरीक्षक मुलांना शाळेतून घरी पाठवीत, आणि घरी गेलेले मूल उपचारावाचून गल्लीत हिंडत राही. रॉजर्सबाईंनी मलमपट्टी शाळेतच करावयास आरंभ केला, आणि जेथे तेवढ्याने भागत नव्हते तेथे त्या चाळींचे जिने चढून घरापर्यंत गेल्या. वर्षभरात शाळेबाहेर काढल्या जाणाऱ्या मुलांची मासिक संख्या दहा हजारांहून अकराशेच्या आसपास उतरली. मूल रोज हमखास सापडते अशी सार्वजनिक जागा शाळेखेरीज दुसरी नाही, हा त्या प्रयोगाचा खरा शोध. आणि पुढे लसीकरण, दृष्टितपासणी, १९४६च्या कायद्याने आलेले मध्यान्हभोजन असा जो एकेक भार अमेरिकेतील शाळेने आपल्या शिरावर घेतला, तो याच शोधाच्या बळावर.

मनाच्या आरोग्याची पाळी यावयाला बराच अवधी लागला, आणि ती आली तेव्हा परिचारिकेऐवजी पडदा घेऊन आली. गेल्या पाचसहा वर्षांत अमेरिकेतील निरनिराळी राज्ये, परगणे व शहरे यांनी शाळांच्या द्वारे विद्यार्थ्यांना विनामूल्य ऑनलाइन मानसोपचार पुरविण्याचे करार केले असून, या प्रयोगांचा व्याप आता एवढा वाढला आहे, की त्यांतून नेमके काय हाती लागते, त्याचा खर्च कोण सोसतो आणि शाळेतील कोणती उणीव त्यांनी भरून निघते व कोणती नुसतीच झाकली जाते, याचा आढावा घेणे शक्य झाले आहे.

गरज खरी होती, याविषयी वाद नाही. २०२१च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी, बाल व किशोर मनोविकारतज्ज्ञांची अकादमी आणि बालरुग्णालयांची संघटना या तिघींनी मिळून मुलांच्या मानसिक आरोग्याच्या बाबतीत राष्ट्रीय आणीबाणी असल्याचे जाहीर केले. डिसेंबरात तेथील सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी याच विषयावर स्वतंत्र इशारापत्र काढले. त्याच साली केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने माध्यमिक शाळांत केलेल्या पाहणीत ४२ टक्के विद्यार्थ्यांनी, आणि मुलींपैकी तर ५७ टक्के जणींनी, आपल्याला सातत्याने उदास वा हताश वाटत असल्याचे सांगितले. हा सारा महामारीचा परिणाम मानणे मात्र चुकीचे ठरेल. दहा वर्षांपूर्वी, २०११ साली, हाच आकडा २८ टक्के होता आणि मधल्या काळात तो सारखा चढतच आला होता. शाळा-समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक अशी असता २०२२-२३ मध्ये देशभराची सरासरी ३८५ होती. आणि त्या एकाच्या माथी वेळापत्रके, परीक्षा व महाविद्यालयीन प्रवेशांचे अर्ज एवढे मारलेले, की मुलाजवळ अर्धा तास निवांत बसणे ही त्याच्या दिनक्रमातील चैनच म्हणावयाची. बाल-मनोविकारतज्ज्ञांविषयी बोलावयासच नको. विस्तीर्ण ग्रामीण परगण्यांतून असा एकही तज्ज्ञ नाही. अशा स्थितीत माणूस नेता येत नसेल तर त्याची प्रतिमा न्यावी, हा विचार अगदी स्वाभाविक होता.

टेक्ससने तो राज्यव्यापी केला. १८ मे २०१८ रोजी सांता फे येथील शाळेत झालेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडल्यानंतर, २०१९ साली तेथील विधिमंडळाने शाळांच्या सुरक्षिततेचा जो कायदा केला त्यात मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयांचा एक संघ स्थापन करण्याची तरतूद होती. (शस्त्रांविषयी काही करावयाचे नसले म्हणजे मनांविषयी काहीतरी करावे लागते, हा अमेरिकी राजकारणाचा शिरस्ता आहे, तरी अशा संशयास्पद उगमातूनही चांगले काम निघू शकते, हे येथे कबूल केले पाहिजे.) या योजनेत शाळेतील कर्मचारी मुलाला ओळखतो, पालकांची संमती घेतो आणि त्याची शिफारस विद्यापीठाच्या रुग्णालयाकडे करतो, तेथील चिकित्सक व्हिडिओवरून थोड्या भेटी घेऊन निदान करतो, तातडीचे उपचार आरंभतो आणि लांबणीच्या उपचारासाठी मुलाला त्याच्या गावाजवळील कोणाच्या तरी स्वाधीन करतो. राज्यातील वैद्यकीय शिक्षणसंस्था ही येथे जबाबदार बाजू आहे, आणि मुलाला शोधण्याचे काम शाळेचे आहे.

लॉस एंजेलिस परगण्याने वेगळा मार्ग धरला. २०२३च्या फेब्रुवारीत परगण्याचे शिक्षणकार्यालय, त्याचे मानसिक आरोग्यखाते व दोन आरोग्यविमा संस्था यांनी हेझल हेल्थ या खासगी कंपनीशी करार जाहीर केला. परगण्यातील ८० शाळा-जिल्ह्यांच्या बालवर्गापासून बारावीपर्यंतच्या सुमारे तेरा लाख विद्यार्थ्यांना ही सेवा विनामूल्य मिळावी आणि त्यासाठी २ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत निधी खर्ची पडावा, अशी ती योजना होती. आता येथे थोडा त्रैराशिकाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. या रकमेस विद्यार्थिसंख्येने भागले असता दर विद्यार्थ्यामागे अठरा-एकोणीस डॉलर पडतात. आणि अमेरिकेत खासगी उपचारकाच्या एका तासाची फी सामान्यतः शंभर डॉलरांच्या वर असते. म्हणजे तेरा लाख मुलांना उघडलेले हे दार, त्यांतील फारच थोडी मुले आत येतील या गृहीतकावरच उघडे ठेवता येते. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही, कारण सर्व विमा याच तत्त्वावर चालतो. परंतु ‘तेरा लाखांना सेवा उपलब्ध’ या वाक्याचा अर्थ तेरा लाखांना सेवा मिळते असा नाही, आणि जी थोडी मुले येतील ती कोणती, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

न्यूयॉर्क शहराने त्याच वर्षी नोव्हेंबरात १३ ते १७ वर्षे वयाच्या सर्व मुलांसाठी टॉकस्पेस या कंपनीमार्फत ‘टीनस्पेस’ नावाची सेवा, तीन वर्षांसाठी २ कोटी ६० लाख डॉलरांच्या कराराने, सुरू केली. तीत मूल आपल्या फोनवरून परवानाधारक उपचारकाशी लेखी संदेशांनी केव्हाही बोलू शकते, आणि महिन्यातून एकदा तीस मिनिटांची प्रत्यक्ष व्हिडिओ भेट मिळते. महिन्याला तीस मिनिटे! रात्री दोन वाजता झोप न येणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला लिहिण्यास कोणीतरी असणे ही लहान गोष्ट नाही, आणि तोंडाने बोलण्यापेक्षा लिहून सांगणे या पिढीला अधिक जमते हेही खरे. पण गंभीर नैराश्यावरील उपचार म्हणून ही मात्रा अपुरी आहे, हे सांगावयास तज्ज्ञ असावे लागत नाही.

कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये सुमारे ४७० कोटी डॉलरांचा जो व्यापक कार्यक्रम हाती घेतला, त्यातील दोन ॲप २०२४च्या जानेवारीत खुले झाले. त्यांत मुलांशी बोलणारे बहुतांशी ‘कोच’, म्हणजे परवानाधारक मानसोपचारक नसलेले प्रशिक्षित साहाय्यक आहेत. कोलोराडोने २०२१च्या कायद्यान्वये ‘आय मॅटर’ नावाने सुरू केलेली, आणि मुळात तात्पुरती म्हणून मंजूर झालेली, योजना मात्र शाळेला वळसा घालूनच जाते: अठरा वर्षांपर्यंतच्या कोणाही मुलाने संकेतस्थळावर प्रश्नावली भरावी आणि परवानाधारक उपचारकाच्या सहा भेटी विनामूल्य घ्याव्यात. तिचा साधेपणा मला आवडतो. सातव्या भेटीचे काय, हा प्रश्न तिलाही सुटलेला नाही.

या सर्व नमुन्यांकडे पाहताना प्रथम लक्षात येते ते हे, की पडद्यापलीकडचा भाग फारसा कठीण राहिलेला नाही. चिंता व नैराश्य यांवरील बोलण्याचे उपचार व्हिडिओवरूनही समोरासमोरच्या इतपत गुण देऊ शकतात, हे आता बऱ्यापैकी प्रस्थापित झाले आहे. कंपन्या स्वतःच प्रसिद्ध करीत असलेले समाधानाचे आकडे मी येथे जमेस धरलेले नाहीत. औषधाच्या बाटलीवरील प्रशस्तिपत्राइतकीच त्यांची किंमत. कठीण आहे ते पडद्याच्या अलीकडले: बाकावर गप्प बसलेल्या मुलाकडे कोणाचे तरी लक्ष जाणे, त्याला वर्गातून गाजावाजा न होता उठविणे, शाळेत दार लागेल अशी एक खोली असणे, तेथे इंटरनेट व कानाला लावावयाची साधने असणे, गणिताचा तास बुडाला तर तो कोणी भरून काढणे, आणि मूल पडद्यावर आत्मघाताचा विचार बोलून गेले तर त्या क्षणी त्या दारापर्यंत धावत येईल असे मोठे माणूस त्या इमारतीत असणे. शेकडो मैलांवरच्या उपचारकाला दार उघडता येत नाही. म्हणून ज्या शाळेत चांगला समुपदेशक वा परिचारिका आहे तेथेच ही दूरसेवा नीट वापरली जाण्याचा संभव अधिक, आणि जेथे कोणीच नाही, अर्थात जिच्या नावाने ही योजना मंजूर होते त्या शाळेत, टॅब्लेट कपाटात पडून राहण्याचा.

हे निव्वळ अनुमान नाही. याला पुष्टी देणारा उत्तम पुरावा अमेरिकेत नव्हे, आपल्याकडेच तयार झाला आहे. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात स्थापन केलेली ‘संगत’ ही संस्था, तज्ज्ञ नसलेल्या सामान्य माणसांना शिकवून मनाचे उपचार कितपत करता येतात, याचा शोध दीर्घकाळ घेत आली आहे. तिच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत केलेल्या आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकच कार्यक्रम काही शाळांत बाहेरून नेमलेल्या सामान्य समुपदेशकाने आणि काही शाळांत तेथल्याच शिक्षकाने राबविला. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे व दांडगाई कमी झाली. शिक्षकाच्या शाळांत मात्र असे काही घडल्याचे दिसले नाही. कार्यक्रम तोच, पुस्तिका त्याच. फरक तो राबविणाऱ्या माणसाचा. शिक्षकांच्या ठायी कळकळ नव्हती असा याचा अर्थ मी करीत नाही. ज्याच्या हाती छडी नसली तरी गुणपत्रिका असते आणि ज्याच्या दिवसाचा प्रत्येक तास आधीच बांधलेला असतो, त्याच्यापाशी मूल मन मोकळे करीत नाही, एवढाच तो अर्थ.

त्याच परंपरेतील दुसरा प्रयोग दिल्लीच्या सहा सरकारी शाळांत २५० विद्यार्थ्यांवर झाला व २०२० साली प्रसिद्ध झाला. पदवीच्या मोठ्या भेंडोळ्या नसलेल्या समुपदेशकांनी तीन आठवड्यांत चारपाच, वीस ते तीस मिनिटांच्या, भेटींतून मुलांना आपली अडचण नीट मांडून तिच्यावरील उपाय निवडावयास शिकविले. ज्यांना नुसत्या पुस्तिका दिल्या होत्या त्यांच्याहून या मुलांच्या, त्यांनी स्वतःच सांगितलेल्या, अडचणींची तीव्रता अधिक उतरली. लक्षणांच्या मोजपट्टीवर मात्र त्या वेळी तसा फरक उमटला नाही, हे संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदविले आहे. याच मालिकेतील मला अधिक बोलकी वाटणारी गोष्ट निराळीच आहे. समुपदेशकाने वर्गात जाऊन, मनाचा त्रास म्हणजे काय आणि मदत कशी मागावी याविषयी एक तास घेतला, की त्या वर्गांतून मदत मागणाऱ्यांची संख्या वाढे. माणूस एकदा डोळ्यांपुढे उभा राहिला, की मग त्याचे दार ठोठावण्याचा धीर होतो. पुढे ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ हा अडचणी सोडविण्याचा फोनवरील खेळ तयार झाला, तेव्हाही तो मुलाच्या हाती नुसता सोपवून न देता समुपदेशकाच्या साहाय्याने खेळावयाचा ठेवण्यात आला. यंत्र व माणूस यांची ही वाटणी मला लॉस एंजेलिसच्या मोठ्या करारापेक्षा अधिक शहाणपणाची वाटते.

आता पैशाचा विचार. ‘विनामूल्य’ याचा अर्थ मुलाच्या पालकाला बिल येत नाही, एवढाच. कोणाच्या तरी खात्यावर ते पडतेच. महामारीच्या काळात अमेरिकेच्या केंद्र सरकारने शाळांना तीन हप्त्यांत सुमारे १९,००० कोटी डॉलरांचे साहाय्य दिले आणि अनेक जिल्ह्यांनी त्यातून ऑनलाइन मानसोपचाराचे मक्ते दिले. पण त्या रकमेचा अखेरचा हप्ता ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत बांधून टाकावयाचा होता. ती मुदत सरताच एकदाच मिळालेल्या पैशावर उभ्या केलेल्या कायमच्या गरजेचे काय करावयाचे, ही विवंचना जिल्हा-कार्यालयांपुढे उभी राहिली. टेक्ससमधील युव्हाल्डी येथील शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर २०२२च्या कायद्याने शाळांत समुपदेशक व मानसशास्त्रज्ञ नेमण्यासाठी व घडविण्यासाठी १०० कोटी डॉलर मंजूर झाले होते. एप्रिल २०२५ मध्ये तेव्हा नव्याने आलेल्या प्रशासनाच्या शिक्षणखात्याने त्यांतील चालू अनुदाने पुढे न देण्याचे कळविले आणि त्यावरून राज्ये न्यायालयात गेली. पडद्यापलीकडच्या माणसाचा करार आणि पडद्याअलीकडच्या माणसाचा पगार असे दोन्ही एकाच सुमारास डळमळले, ते असे.

टिकाऊ पैसा एका ठिकाणाहून येण्यासारखा आहे, तो म्हणजे गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी विम्यातून. येथे एक विलक्षण नियम दीर्घकाळ आडवा येत असे: जी सेवा शाळा सर्वांनाच फुकट देते तिचे पैसे मेडिकेड देणार नाही. म्हणजे शाळेने औदार्य दाखविले की तिचा हक्क बुडे. २०१४च्या डिसेंबरात केंद्राने हा अर्थ मागे घेतला, तरी पुष्कळ राज्यांना आपापली नियमावली बदलावयास वर्षे लागली. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून त्याही पुढचे पाऊल टाकले: शाळेशी संलग्न मानसिक आरोग्यसेवांचे दरपत्रक राज्याने ठरविले आणि सरकारी असो वा खासगी, विमा कंपनीने त्या दराने शाळेला पैसे देणे बंधनकारक केले. या कंटाळवाण्या, दप्तरी सुधारणेविषयी वृत्तपत्रांत क्वचितच काही छापून येते. ॲपच्या उद्घाटनाची छायाचित्रे मात्र येतात. तरी मुलांना दहा वर्षांनंतरही उपचारक मिळत राहील तो ॲपमुळे नव्हे, या दरपत्रकामुळे, असे माझे मत आहे.

संमती व गुप्तता या दोन बाबी तेवढ्याच नाजूक आहेत. टेक्ससमध्ये पालकांच्या सहीवाचून काही होत नाही. कोलोराडोत बारा वर्षांचे मूल स्वतःच्या संमतीने बोलण्याचा उपचार घेऊ शकते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२४ पासून तीच मुभा सरकारी विम्याखालील मुलांना, पूर्वीच्या कडक अटी सैल करून, दिली आणि त्यावर मोठे वादंग माजले. पालकांना वगळून मुलाचे मन सावरता येत नाही, हे खरे. पण ज्या मुलाच्या दुःखाचे मूळ घरातच आहे त्याने संमतीची सही कोठून आणावी? या प्रश्नाला एकच कायमचे उत्तर नाही, आणि जे पक्ष तसे असल्याचे भासवितात त्यांनी अशा मुलाशी कधी बोलून पाहिलेले नसावे. गुप्ततेविषयी मात्र मतभेदास जागा नसावी. शाळेच्या दप्तरातील नोंदींना १९७४चा शिक्षण-गोपनीयतेचा कायदा लागू, रुग्णालयाच्या नोंदींना १९९६चा आरोग्यविम्याचा. आणि मधल्या कंपनीच्या संकेतस्थळावर मूल नाव नोंदविते त्या क्षणी नेमके कोणाचे राज्य असते, हे पालकाला समजत नाही. २०२३ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने बेटरहेल्प या, शाळांशी संबंध नसलेल्या, ऑनलाइन उपचार-कंपनीकडून, ग्राहकांची माहिती फेसबुकादी जाहिरात-व्यवसायांस पुरविल्याच्या आरोपावरून ७८ लाख डॉलर वसूल करण्याचा तडजोडीचा हुकूम काढला. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या पालक व नागरी-हक्क संघटनांनी टीनस्पेसच्या संकेतस्थळावरील मागोवा घेणाऱ्या यंत्रणांविषयी लेखी हरकत नोंदविली. सरकारी मुद्रा उमटलेल्या दारातून आत येणाऱ्या मुलाला हे दार दुसऱ्या बाजूने बाजारात उघडते काय, असा संशय यावा, इतके तरी घडून गेले आहे.

आपल्या देशात या प्रश्नाचा आकार उलटा आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले होते. केंद्रीय माध्यमिक मंडळ १९९८ पासून परीक्षेच्या हंगामात दूरध्वनीवरून समुपदेशन देत आले आहे; जुलै २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ आले आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी, बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या आधिपत्याखाली, १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही अहोरात्र चालणारी, मराठीसह वीस भाषांतील विनामूल्य सेवा सुरू झाली. ही सरकारी आहे, तिचा मक्ता कोणाला दिलेला नाही आणि मुलांच्या माहितीच्या आधारे जाहिराती नेम धरून दाखविण्यास २०२३च्या विदा-संरक्षण कायद्याने मनाई केली आहे. एवढ्यापुरते आपण अमेरिकेहून बरे. पण हा क्रमांक ज्याने त्याने आपल्या बुद्धीने फिरवावयाचा आहे, आणि नववीतील मुलाजवळ स्वतःचा फोन, एकांत आणि ‘मला बरे वाटत नाही’ हे वाक्य या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असतील, असे धरून चालणे धाडसाचे होईल.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करीत असलेल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, शिक्षणसंस्थांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली त्यांत शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करून घ्यावी, असे सांगितले आहे. महाराष्ट्राच्या डोंगराळ व आदिवासी भागांत वीसहून कमी पटाच्या हजारो शाळा आहेत आणि त्या सर्व या दुसऱ्या कलमात मोडतात. दोन शिक्षकी शाळेत ही जोडणी कोणी करावयाची, तिचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावयाचा, मुलाने फोनवर बोलावयाचे ते कोणत्या खोलीत, आणि पलीकडच्या तज्ज्ञाने पुढच्या आठवड्यात उलट फोन केला तर तो उचलावयाचा कोणी, हे नियम करणाऱ्यांनी आधी ठरवावे; ॲपची निविदा त्यानंतर काढली तरी चालण्यासारखे आहे.